झळांची वही

पहिली झळ आली तेव्हा मी फळ्यापाशी उभी होते. त्रिकोणांच्या एकरूपतेची सिद्धता चालू होती. 'म्हणून हे दोन कोन समान' एवढं लिहिलं आणि छातीच्या मधोमध कुणीतरी काडी ओढावी तसं झालं. ऊब तिथून गळ्यावर चढली, मानेमागे गेली, कानांच्या पाळ्या तापल्या, चेहरा भाजल्यासारखा झाला. काळीज इतकं धडधडत होतं की पहिल्या बाकावरच्या मुलांना ऐकू जाईल असं वाटलं. मग घाम. कपाळावर, ओठांच्या वर, पाठीच्या कण्यावरून ओघळणारा. मी फळ्याकडेच तोंड करून उभी राहिले आणि उरलेल्या ओळी सावकाश लिहीत गेले. तीनेक मिनिटांत सगळं ओसरलं आणि भिजलेल्या पाठीला पंख्याचा वारा लागून हुडहुडी भरली.

तेव्हा मी ४८ वर्षांची होते. पाळीचं वेळापत्रक वर्षभर बिघडलेलंच होतं. कधी दोन महिने पत्ता नाही, तर कधी पंधरा दिवसांत पुन्हा हजर. तरीही या प्रकाराचा पाळीशी संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. रक्तदाब वाढला असेल, ताप येणार असेल, असं काहीबाही वाटलं. संध्याकाळी ताईला फोन केला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.

"अगं, या पाळी जायच्या वेळच्या झळा गं," ती म्हणाली. "मला तीन वर्षं होत्या."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? आई तरी कुठे बोलली आपल्याशी?"

आईला विचारायची सोय उरली नव्हती. स्तनाच्या कर्करोगानं ती गेली त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तिलाही रात्री अशी जाग येत असेल, अंधारात एकटीच बसून राहत असेल, हे मला त्या फोननंतर पहिल्यांदा सुचलं. मी हे सगळं लिहायला बसले त्यामागे तो फोन आहे. जे एका पिढीनं दुसरीला सांगायला हवं होतं, ते कुणीच कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या दोन महिन्यांत झळा वाढल्या. दिवसाच्या निभावता येत होत्या, रात्रीच्या येत नव्हत्या. दोन वाजता जाग यायची ती गळ्याभोवती पाणी साचल्यासारखी. पांघरूण भिरकावायचं, कपडे बदलायचे, उशी उलटायची. मग गारठून पुन्हा पांघरूण ओढायचं. झोप लागते न लागते तोच पुन्हा तेच. नवरा दर वेळी उठून विचारायचा, "काय होतंय गं?" आणि मी त्याच्यावरच खेकसायचे. सकाळी वर्गात साधी बेरीज चुकायला लागले. तेव्हा डॉक्टरांकडे जायचं ठरवलं.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आधी इतर कारणं तपासली. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी असाच घाम येतो, धडधडतं, म्हणून ते पाहिलं. हिमोग्लोबिन पाहिलं, साखर पाहिली. वजन उतरतंय का, संध्याकाळी ताप येतो का, हेही विचारलं, कारण रात्री घाम येण्यामागे क्षयरोगासारखी किंवा काही प्रकारच्या कर्करोगांसारखी कारणंही असू शकतात. सगळं व्यवस्थित निघालं. मग त्यांनी कागदावर दोन आडव्या रेघा काढल्या आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलं.

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, तो शरीराचं तापमान राखतो. वरची रेघ ओलांडली की घाम फुटतो, खालची ओलांडली की कापरं भरतं. दोन रेघांमधल्या पट्ट्यात तापमान थोडं वरखाली झालं तरी शरीर त्याची दखल घेत नाही. झळा न येणाऱ्या बायकांमध्ये हा पट्टा सुमारे ०.४ अंश सेल्सिअसचा आढळला आहे, आणि झळा येणाऱ्यांमध्ये जवळजवळ शून्य. पाळी जाण्याच्या दिवसांत इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन कमी होतं तशा तिथल्या काही चेतापेशी, ज्यांना आजवर इस्ट्रोजेनचा लगाम होता, त्या अति कामाला लागतात आणि पट्टा आक्रसतो. मग जिना चढला, घाईनं गरम काही प्यायलं, एवढ्यानंही वरची रेघ ओलांडली जाते. शरीर खरोखर तापलेलं नसतंच. तरी उष्णता बाहेर टाकायची मोहीम सुरू होते: कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, घाम येतो. आणि त्या घामानं खरंच जास्त थंड झालं की हुडहुडी. माझ्या पाठीवरच्या त्या हुडहुडीचा अर्थ मला त्या दोन रेघांमुळे कळला. नुसतं कळल्यानंही बरंच हलकं वाटलं.

"किती दिवस चालेल?" मी विचारलं.

त्यांनी खोटा धीर दिला नाही. अमेरिकेत हजारो बायकांच्या आरोग्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारा एक मोठा अभ्यास आहे. ज्यांना वारंवार झळा येतात त्यांच्यातल्या निम्म्या जणींना हा त्रास ७.४ वर्षांहून जास्त झाला, असं त्यातून २०१५ साली पुढे आलं. मी हादरले. ताईची तीन वर्षं मला नियम वाटली होती.

औषधांचं बोलणं झालं. झळांवर सर्वांत परिणामकारक उपाय बाहेरून दिलेल्या हार्मोन्सचाच, हे त्यांनी पहिल्या भेटीतच सांगितलं. २००२ साली हार्मोन्सवरच्या एका मोठ्या चाचणीत स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वाढलेली दिसली आणि जगभर बायका घाबरल्या, पण त्या चाचणीत भाग घेतलेल्यांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बायकांपैकी बहुतेकींसाठी आज फायद्याचं पारडं जड मानलं जातं. माझ्या बाबतीत आईचा आजार होता. "त्यामुळे ते दार बंद होत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमची जोखीम नीट मोजून मगच उघडू." मी म्हटलं, आधी औषधाशिवाय जे करता येईल ते करून बघते. त्या म्हणाल्या, "जरूर बघा. पण मोजून बघा."

मोजायचं म्हटल्यावर मला आधार मिळाला. गणित शिकवण्यात आयुष्य गेलंय. दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: वेळ, तीव्रता एक ते तीन, आधीच्या पंधरा मिनिटांत काय चाललं होतं, आणि शेवटचा रकाना 'त्रास किती', शून्य ते दहा. हा शेवटचा रकाना डॉक्टरांनी सुचवला होता. मला तो अनावश्यक वाटला होता. तीव्रता लिहिली की त्रास आलाच की त्यात, असं माझं म्हणणं. ते किती चुकीचं होतं हे पुढे कळलं.

पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, नुसतं लिहायचं, हा माझाच नियम. जिला कुणाला हे करायचं असेल तिला मी हात जोडून सांगेन की हे दोन आठवडे चुकवू नका. आपण उपाय शोधायला निघतो तेच मुळी त्रास शिगेला पोचलेला असताना, आणि शिगेला पोचलेली गोष्ट आपसूकही थोडी उतरतेच. आधीचा आकडा हाती नसला की ते उतरणं आपण त्या आठवड्यात पोटात गेलेल्या चूर्णाच्या नावावर जमा करतो. माझा आकडा निघाला दिवसाच्या सरासरी नऊ झळा, रात्रीच्या तीन. त्रास: सात.

मग एका वेळी एकच बदल, आणि तो किमान तीन आठवडे.

सुरुवात अंथरुणापासून केली. अंगाला चिकटणारे कृत्रिम धाग्याचे कपडे रात्रीपुरते बंद, सैल सुती कपडे. एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ, म्हणजे एक सारता येतं. नवऱ्याचं पांघरूण वेगळं. पंखा माझ्या बाजूला. उशाशी थंड पाण्याची बाटली, ओला रुमाल, आणि हाताशी कोरडा कपडा, म्हणजे दिवा लावून कपाटापर्यंत जायला नको. झळांची संख्या तेवढीच राहिली, रात्रीच्या तीन. पण आधी जाग आल्यावर पुन्हा झोप लागायला पाऊण तास जायचा, तो वीस मिनिटांवर आला. म्हणजे मी रात्रीचा तासाहून जास्त वेळ परत मिळवला. थंड राहण्याच्या या युक्त्यांनी झळा कमी होतात असा पुरावा नाही, हे नंतर वाचलं. माझी वहीही तेच सांगते. तरी त्या मी सोडलेल्या नाहीत.

दिवसासाठीही तसंच: एकावर एक पातळ कपडे, वरचा काढता येईल असा. वर्गात पाण्याची बाटली. झळ चाहूल देते, निदान माझी देते. आधी काही क्षण उगाच अस्वस्थ वाटतं, आणि मग ती येते. तेवढ्यात दोन घोट थंड पाणी प्यायलं, मनगटं गार केली, तर बरं वाटतं.

मग खाण्यापिण्याकडे वळले. सगळ्यांनी सांगितलं होतं की तिखट सोड, कॉफी सोड. मद्य मी घेत नाही, तो प्रश्न नव्हता. तीन आठवडे तिखट वर्ज्य केलं. वहीत काहीच हललं नाही. कॉफी सोडली तेव्हा दिवसाच्या झळांत फरक नाही, पण झोप सुधारली, म्हणून दुपारनंतरची कॉफी कायमची गेली. खरा धागा मात्र तिसऱ्या रकान्यात सापडला. 'आधी काय चाललं होतं' यात सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द होता, तर 'घाई'. सकाळी सात ते आठ या एका तासात माझ्या नऊपैकी तीन झळा येत होत्या. डबे, आवराआवर, गरम चहा उभ्या उभ्या घशाखाली ओतणं, आणि धावत निघणं. मी वीस मिनिटं लवकर उठायला लागले आणि चहा कोमट करून, बसून प्यायला लागले. त्या तासातल्या तीनच्या दीडेक झाल्या, दिवसाची एकूण सरासरी मात्र नऊच्या आसपासच राहिली. कुणाचं कारण घाई असेल, कुणाचं गरम खोली, कुणाचं आणखी काही. दुसरीची यादी आपल्या उपयोगी पडेलच असं नाही, म्हणून स्वतःचा रकाना भरायचा.

सोयाबीनवर मी सर्वांत जास्त आशा ठेवली होती. त्यात आयसोफ्लेव्होन्स असतात, त्यांची घडण इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असते आणि इस्ट्रोजेन पेशींमधल्या ज्या जागी बसून काम करतं त्याच जागांवर, म्हणजे ग्राहींवर, ती हलकेच बसतात. आईच्या आजारामुळे मी आधी डॉक्टरांना विचारलं. जेवणातल्या सोयाबीनला त्यांची हरकत नव्हती, गोळ्यांमधल्या अर्काला होती. २०२१ साली एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात प्राणिजन्य पदार्थ नसलेला, कमी तेलाचा आहार आणि रोज अर्धा कप शिजवलेलं सोयाबीन असं बारा आठवडे दिलं, आणि झळा खूप कमी झाल्या. पण त्यात जेमतेम अडतीस बायका होत्या, आणि आहार, वजन, सोयाबीन सगळं एकदम बदललेलं. नेमकं कशानं बरं वाटलं ते वेगळं काढता येत नाही. मी फक्त सोयाबीन वाढवलं, बारा आठवडे. नऊच्या झाल्या साडेसात.

मला फार आनंद झाला होता. वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कौतुक केलं आणि मग एक आकडा सांगितला, तो मी आजवर विसरले नाही. झळांवरच्या हार्मोन्सच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा औषध नसलेली, नुसती दिसायला औषधासारखी गोळी घेणाऱ्या बायकांच्या झळाही निम्म्याहून जास्त कमी झालेल्या आढळल्या. त्या बायका खोटं सांगत नव्हत्या. काळ, अपेक्षा, कुणीतरी आपली विचारपूस करतंय ही भावना, या सगळ्यांचा मिळून तो परिणाम. त्यापुढे माझी दीड झळ काय सिद्ध करणार? शिवाय सोयाबीनमधल्या घटकापासून इक्वॉल नावाचा जास्त प्रभावी पदार्थ आतड्यातले काही जिवाणू बनवतात, आणि ते जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. माझ्या पोटात आहेत की नाहीत, कुणास ठाऊक. सोयाबीन मी अजून खाते, प्रथिनांसाठी. झळांच्या खात्यावर ते मांडत नाही.

जवसाची पूड सहा आठवडे घेतली, फरक शून्य. २०१२ च्या एका चाचणीतही जवस आणि बिनजवस अशा दोन्ही गटांत सारखाच उतार दिसला होता. ओमेगा-३ चं तेच.

गोळ्यांबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. शाळेतल्या एका मैत्रिणीनं ब्लॅक कोहॉश या वनस्पतीच्या गोळ्यांची बाटली मायेनं आणून दिली. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं वर लिहिलेलं. घ्यायच्या आधी मी बाटलीच डॉक्टरांपुढे ठेवली. ३५१ बायकांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत ही वनस्पती नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती. तो निष्कर्ष २००६ साली आला. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी या वनस्पतीच्या संदर्भात यकृताला इजा होण्याबद्दल सावधगिरीची सूचना दिली होती. 'नैसर्गिक' या शब्दाचा मला त्या दिवसापासून राग येतो. वनस्पती निसर्गातली असेल, पण गोळी कारखान्यातली आहे. तिच्यात नेमकं काय, किती, आणि आपण घेत असलेल्या दुसऱ्या औषधांशी तिचं जमतं का, हे त्या शब्दानं कळत नाही. ज्यांना यकृताचा त्रास आहे, रक्त पातळ करण्याचं औषध चालू आहे, स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी तर अशी बाटली कुणाला विचारल्याशिवाय उघडूच नये. मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. ती स्वतः त्या घेत होती. आता घेत नाही.

एवढं सगळं करून आठ महिने गेले होते. दिवसाच्या सात, रात्रीच्या तीन. त्रास: सहा. आणि मी दमले होते.

मग एक दिवस परीक्षेच्या सभेत झळ आली. सगळे शिक्षक गोलाकार बसलेले. मला वाटलं, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आहेत. चेहरा लाल झालाय, ओठावर घाम आहे, 'हिला झेपत नाही आता' असं प्रत्येकाच्या मनात चाललंय. मी सभा सोडून बाहेर आले आणि स्वच्छतागृहात दार लावून बसले. झळ तीन मिनिटांत गेली. मी पंचवीस मिनिटं आत होते. त्या रात्री वहीत लिहिलं: तीव्रता दोन, त्रास दहा. ते दोन आकडे शेजारी शेजारी बघून मी बराच वेळ बसले. उरलेली बावीस मिनिटं कशाची होती?

हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला तेव्हा त्यांनी मला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. पद्धतीचं नाव संज्ञानात्मक वर्तनोपचार, सोप्या शब्दांत विचार आणि वागणं बदलायचं प्रशिक्षण. इंग्लंडमध्ये मायरा हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झळांसाठी ही पद्धत बसवली आणि २०१२ साली तिच्या दोन चाचण्या प्रसिद्ध केल्या. एक स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून गेलेल्या बायकांवर, दुसरी सर्वसाधारण बायकांवर. दुसरीत एका गटाला चार आठवड्यांत आठ तासांचे वर्ग होते, दुसऱ्याला घरी करायची पुस्तिका. दोन्ही गटांचा त्रास कमी झाला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण प्रत्येकीला समुपदेशक परवडेल किंवा सापडेल असं नाही, आणि पुस्तिकेनंही काम होतं.

मला वाटलं होतं की 'मनाचे खेळ आहेत' असं काहीतरी ऐकावं लागेल. तसं कुणी म्हणालं नाही. झळ शरीरातच होते, हे त्यांनी पहिल्या वाक्यात सांगितलं. पण झळेमागून दुसरी एक लाट येते, भीतीची आणि लाजेची, आणि ती आपल्या हातात आहे. धडधड, घाबरणं, मग घाबरल्यामुळे आणखी धडधड. ही दुसरी लाट छोटी करायची.

पहिलं काम श्वासाचं. पोटातून, संथ, मिनिटाला सहा ते आठ. श्वास सोडताना खांदे सैल. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं शांत असताना सराव, म्हणजे गरजेच्या वेळी शोधत बसायला नको. नुसत्या संथ श्वासानं झळांची संख्या घटते असं पूर्वी छोट्या अभ्यासांत दिसलं होतं, मोठ्यांत टिकलं नाही. माझीही घटली नाही. पण झळ चढत असताना श्वासाला धरून राहिलं की मला पळावंसं वाटत नाही. पूर्वी मी तिच्याशी झगडायचे, दात आवळून. आता खांदे सोडते आणि तिला जाऊ देते.

दुसरं काम विचारांचं. सभेतला विचार वहीत जसाच्या तसा लिहायला लावला: 'सगळे माझ्याकडे बघताहेत.' मग समोर प्रश्न: पुरावा काय? मला गृहपाठ मिळाला की पुढच्या झळेनंतर समोरच्याला सरळ विचारायचं. मी शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं, "आत्ता पाच मिनिटांपूर्वी माझा चेहरा कसा होता?" तो गोंधळला. "कसा म्हणजे? काही झालं का?" त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. आतून जो वणवा वाटतो तो बाहेरून बहुतेकदा थोडीशी लाली असतो, आणि माणसं आपापल्या विचारांत असतात.

तिसरं काम मला सर्वांत जड गेलं: बोलायचं. लांबलचक नाही, एक तयार वाक्य. "मला मधेच फार गरम होतं, पाळी जाण्याच्या दिवसांतलं आहे, मी खिडकी उघडते." पहिल्यांदा शिक्षकांच्या खोलीत हे म्हणाले तेव्हा आवाज कापला. एक क्षण शांतता. मग कोपऱ्यातून एक बाई म्हणाल्या, "दोन्ही उघडा हो." त्यांनाही होत होतं. वर्षभर आम्ही दोघी एकाच खोलीत, बंद खिडक्यांआड, एकमेकींपासून लपून घामाघूम होत होतो.

रात्रीसाठी वेगळे नियम होते. जाग आली की घड्याळ बघायचं नाही. मी रोज बघायचे आणि हिशेब करायचे, आता चारच तास उरले, उद्याचा दिवस गेला. तो हिशेबच मला जागं ठेवत होता. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवलं. कपडा बदलायचा, पाणी प्यायचं, आडवं व्हायचं, संथ श्वास. झोप येतच नसेल तर दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. सकाळी उठायची वेळ मात्र ठरलेली, रात्र कशीही जावो. नवऱ्याशीही एक करार झाला: त्यानं उठून काही विचारायचं नाही, फक्त पाठीवर हात ठेवायचा आणि झोपायचं. "मला एवढंच करायचं होतं का?" तो म्हणाला. हो, एवढंच. मला ते इतके महिने सांगता आलं नव्हतं.

दहा आठवड्यांनंतरचे आकडे: दिवसाच्या सहा, रात्रीच्या दोन ते तीन. त्रास: तीन. पहिले दोन आकडे बघून कुणी म्हणेल, काय फरक पडला? शेवटचा आकडा बघा. तो रकाना मी आखणारच नव्हते.

संमोहनाबद्दलही सांगते, कारण औषधाविना करायच्या उपायांत त्याचा पुरावा चांगला आहे. २०१३ साली १८७ बायकांवरच्या चाचणीत दर आठवड्याला एक अशी पाच सत्रं दिली, सोबत घरी ऐकायची ध्वनिफीत. बाराव्या आठवड्यापर्यंत त्यांच्या झळा सरासरी ७४ टक्क्यांनी कमी झाल्या, तुलनेच्या गटात १७ टक्क्यांनी. गारव्याची चित्रं मनात आणायची, असं त्याचं स्वरूप. रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेनं २०२३ साली हार्मोन्सविना उपायांची छाननी केली, तेव्हा वर्तनोपचार आणि संमोहन या दोन्हींना पसंती दिली. सोयाबीन, वनस्पतींच्या गोळ्या, योग, नुसता संथ श्वास यांना झळांवरचा उपाय म्हणून दिली नाही. मला प्रशिक्षित व्यक्ती मिळाली नाही, म्हणून मी संमोहन केलेलं नाही. झोपण्यापूर्वी डोळे मिटून पहाटेच्या धुक्यात चालतेय असं मनात आणते, पण त्याला मी संमोहन म्हणणार नाही.

व्यायाम आणि योगासनं मी आजही करते. एका मोठ्या चाचणीत दोन्हींनी झळांची संख्या घटली नाही, माझ्या वहीतही नाही. पण वजन चार किलो उतरलं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांना ते उतरवल्यानं झळांत आराम मिळू शकतो, आणि माझ्या दिवसाच्या झळा सहावरून पाचवर आल्या त्या याच काळात. शिवाय इस्ट्रोजेन घटलं की हाडं विरळ व्हायला लागतात, हृदयाचं संरक्षण कमी होतं. चालणं आणि वजनं उचलणं त्यासाठी आहे. झळा थांबतील तेव्हाही ते थांबवायचं नाही.

शेवटची पाळी येऊन बारा महिने पूर्ण झाले तेव्हा मी पन्नाशीची होते. रजोनिवृत्ती झाली असं त्या दिवशी म्हणायचं. ताईला फोन केला. ती म्हणाली, "पेढे वाट." मग थोडं थांबून, "माझ्याही वेळी तुला फोन करायला हवा होता गं मी." डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती, ती तिलाही सांगितली: या बारा महिन्यांनंतर कधीही, थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. 'उशिरा आलेली पाळी असेल' म्हणून सोडून द्यायचं नाही.

आता मी ५१ ची आहे, तिसरी वही चालू आहे. दिवसाच्या चार-पाच झळा येतात आणि त्यांचं मला फारसं काही वाटत नाही. वर्गात आली तर मुलांना एक उदाहरण सोडवायला देते आणि खिडकीपाशी उभी राहते. रात्रीच्या मात्र अजून दोन आहेत, आणि गेल्या महिन्यापासून त्यांच्यापुढचा त्रासाचा आकडा पुन्हा पाचवर गेलाय. मेंदूतल्या त्या अति कामाला लागलेल्या चेतापेशींनाच शांत करणाऱ्या, हार्मोन नसलेल्या गोळ्या आता निघाल्या आहेत; त्यातली पहिली अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाली. ती घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. हार्मोन्सचं दारही आहेच. तीन वर्षांपूर्वी यातलं काहीही घेणं मला हार वाटली असती. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रात्रीच्या रकान्याची गेल्या सहा आठवड्यांची बेरीज करून ठेवली आहे, आणि पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहिलेत. पहिला प्रश्न आईच्या आजाराचा आहे.